डी ड्राइव्हमधली गाणी

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि आमच्या आळीतल्या काकांच्या संगणकाला निवृत्त करायचं ठरलं. त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसल्यामुळे विंडोज ११ चढेना. रत्नागिरीतल्या मारुती मंदिरच्या एका दुकानातून नवा लॅपटॉप आला आणि काकांनी मला हाक मारली. "कागदपत्रं राहिली तरी चालतील रे, गाणी तेवढी नीट ने," एवढीच सूचना.

गाणी म्हणजे चारशे जीबीच्या आसपास. नाट्यपदं, अभंग, ख्याल, थिबा राजवाड्यातला आर्ट सर्कलचा महोत्सव ऐकून आल्यावर घेतलेल्या सीडी, आणि गावातल्या जुन्या घरगुती मैफलींच्या कॅसेट. सीडीवरचं गाणं वेव्हमध्ये जसंच्या तसं ठेवलं तर मिनिटाला दहा एमबी खातं, फ्लॅकमध्ये साधारण निम्मं, १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये जेमतेम एक. काकांकडे तिन्ही प्रकार होते. कॅसेट मात्र रत्नागिरीच्या दमट हवेत टिकत नाहीत, फितीवर पांढरी बुरशी धरते. उतरवून घेतल्यावर त्यातल्या बऱ्याच कायमच्या गेल्या. त्यामुळे ज्या फायलींना आपण नक्कल म्हणतो, त्याच आता अस्सल आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवूनच कामाला हात घालावा लागतो.

जुन्या संगणकाला यूएसबी २.० चीच भोकं. कागदावर वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, हातात पडतात तीसेक मेगाबाइट. त्या हिशेबाने चारशे जीबीला पावणेचार तास, आणि हजारो बारीक फायली असल्या की त्याहून जास्त. त्यापेक्षा हार्ड डिस्कच बाहेर काढून केसिंगमधून लॅपटॉपला लावलेली बरी. फक्त डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो, आणि आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, डिस्क मात्र धापकन बंद पडते. म्हणून अडॅप्टर इन्व्हर्टरवर.

माउसने ओढून टाकण्यापेक्षा मी रोबोकॉपी ही कमांड वापरतो. विंडोजमध्ये ती व्हिस्टापासून असतेच. मध्येच थांबली तर पुन्हा चालवावी, झालेलं सोडून उरलेलं उचलते. पण हिचा एक विचित्र हट्ट आहे. फाइल वाचता आली नाही तर ती मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी तीस सेकंद थांबून. म्हणजे एका खराब फायलीपाशी जवळजवळ वर्षभर बसेल. प्रयत्नांचा आकडा आधीच एकावर आणून ठेवावा आणि हुकलेल्या फायलींची नोंद लॉगमध्ये घ्यावी. शेवटी दोन्हीकडच्या फायली मोजल्या तर आकडे जुळेनात. काकांचा चेहरा उतरला. फरक निघाला थंब्स.डीबी नावाच्या लपलेल्या फायलींचा, ज्यांचा गाण्याशी काही संबंध नाही.

इथवरचं काम कुणीही करील. खरी अडचण पुढे सुरू झाली. लॅपटॉपवर सगळी गाणी होती आणि काकांच्या याद्यांतलं एकही वाजत नव्हतं.

पहाटेची, दुपारची, रात्रीची अशा काकांनी रागांच्या वेळेनुसार याद्या लावल्या होत्या. प्लेअरमधल्या यादीत गाणं नसतं, त्याचा पत्ता असतो. जुन्या संगणकात तो पत्ता डी ड्राइव्हचा होता, नव्या लॅपटॉपला एकच सी ड्राइव्ह. एम३यू यादी म्हणजे साधा मजकूर, म्हणून ती नोटपॅडमध्ये उघडून डीचा पत्ता बदलून सीचा केला की गाणी सापडतात. पण ज्या फायलींची नावं देवनागरीत होती, त्यांच्या जागी जुन्या याद्यांत नुसती प्रश्नचिन्हं. एम३यू जुन्या पद्धतीने साठवली की देवनागरी तिच्यात मावत नाही, त्यासाठी एम३यू८ लागते. प्रश्नचिन्हांतून नाव परत काढायचा कुठलाही उपाय नाही. त्या याद्या काकांनी तोंडपाठ सांगितल्या. "ललत झाला की अहिर भैरव, मग तोडी. ती लांबवाली नको, कॅसेटवरची." काका नसते तर तो क्रम गेलाच होता.

आयट्यून्ससारख्या प्लेअरमध्ये तर दिलेले तारे, किती वेळा ऐकलं तो आकडा, हे सारं गाण्याच्या फायलीत न राहता लायब्ररीच्या वेगळ्या फायलीत राहतं. नुसता गाण्यांचा फोल्डर उचलला की ते मागेच राहतं. आणि माउसने ओढून कॉपी केलेल्या प्रत्येक फायलीवर निर्मितीची तारीख आजची पडते. कोणतं गाणं संग्रहात कधी आलं, हा इतिहास असा गुपचूप पुसला जातो.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ खर्ची घालावा तो टॅगवर, म्हणजे फायलीतच लिहिलेल्या गाण्याच्या माहितीवर. भीमसेन जोशी संगणकाला तीन वेगळे गायक वाटत होते: एक इंग्रजीतले, एक देवनागरीतले, एक 'पं.' लावलेले. शिवाय टॅगचे रकाने विलायती अल्बमसाठी आखलेले. 'मानापमान'चं पद कुठे बसवायचं? नाटक १९११ चं, खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंबे यांच्या, रंगभूमीवर गाजवलं बालगंधर्वांनी, आणि आपल्याकडचं ध्वनिमुद्रण चौथ्याच गायकाचं. आम्ही ठरवलं ते असं: अल्बमच्या जागी नाटक, कंपोझरच्या जागी चाल देणारा, आर्टिस्ट म्हणजे प्रत्यक्ष गाणारा, उरलेलं कॉमेंटमध्ये. ख्यालासाठी राग, ताल आणि साथीदारही कॉमेंटमध्येच. आयडी३ या टॅगपद्धतीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीत नावाला तीसच अक्षरांची जागा होती, त्यामुळे बंदिशीचे शब्द अर्धवट तुटलेले. ते नव्या आवृत्तीत पुन्हा लिहिले.

घरगुती मैफलींची माहिती काकांनी श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप करून ठेवली होती. नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, म्हणून पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला. युनिकोडमध्ये बदलून मिळतं, पण जोडाक्षरं फिसकटतात, एकेक नाव डोळ्यांखालून घालावं लागतं. त्यात काही मैफली दोन फायलींत तुटलेल्या. विलंबित ऐन रंगात आला असताना कॅसेटची बाजू संपली आणि ती उलटेपर्यंतचं गाणं गेलं. अशा फायलींच्या नावात आधी क्रमांक घालावा, नाहीतर बाजू बी आधी वाजू शकते.

प्लेअर येतात-जातात, त्यांच्या पोटात काहीही ठेवू नये, असं माझं पक्कं मत झालं आहे. जे सांगायचं ते टॅगमध्ये आणि फायलीच्या नावात, याद्या गाण्यांच्याच फोल्डरात, तेही एम३यू८ मध्ये.

काकांची जुनी डिस्क पुसलेली नाही. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर, तिसरी पुण्याला लेकीकडे, कारण २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या किनाऱ्यावर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्या घरातही गावच्या मैफलीची कॅसेट पडून असेल, तर पुढचा पावसाळा लागण्याआधी ती उतरवून घ्या. आणि पेटीवर, तबल्यावर कोण होतं हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर त्यांची नावं त्या फायलीतच लिहून ठेवा.