केशाकर्षण : काचेच्या नळीपासून क्षारपड जमिनीपर्यंत

प्रस्तावना : समईच्या वातीतून तेल ज्योतीपर्यंत चढते, टिपकागद शाई शोषून घेतो आणि जुन्या घराच्या भिंतीला जोत्यापासून ओल चढते. या तिन्ही घटनांच्या मुळाशी केशाकर्षण हे एकच तत्त्व आहे. ते पदार्थविज्ञानाच्या तासाला काचेच्या नळीवरून शिकविले जाते. तथापि त्याचा गंभीर परिणाम शेतजमिनीवर दिसून येतो.

तत्त्व : पाण्याच्या रेणूंमधील परस्पर आकर्षणास संसंजन, तर पाणी व काच यांमधील आकर्षणास आसंजन म्हणतात. आसंजनामुळे पाणी नळीच्या कडेने चढते व पृष्ठताणामुळे मधला पृष्ठभागही वर ओढला जातो. चढलेल्या स्तंभाचे वजन या ओढीइतके झाले की चढणे थांबते. ही उंची नळीच्या त्रिज्येशी व्यस्त प्रमाणात असते. ०.१ मिमी त्रिज्येच्या स्वच्छ नळीत पाणी सुमारे १५ सेंमी चढते.

वनस्पती : झाडे केवळ केशाकर्षणाने पाणी वर नेतात, हा समज मात्र अपुरा आहे. २० मायक्रोमीटर त्रिज्येच्या जलवाहिनीत पाणी जेमतेम ७५ सेंमी चढेल. नारळाच्या शेंड्यापर्यंत ते पोहोचते ते पानांतील बाष्पोत्सर्जनाची ओढ व संसंजन यांमुळे. डिक्सन व जोली यांनी १८९४ मध्ये हे स्पष्टीकरण मांडले.

शेतजमीन : मातीच्या कणांमधील सूक्ष्म पोकळ्या केशनलिकांप्रमाणे कार्य करतात. वाळूपेक्षा चिकणमातीत त्या अधिक बारीक असल्याने पाणी अधिक उंच चढते. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील नदीकाठच्या भारी जमिनींत उसाला अतिरिक्त पाणी दिल्याने आणि निचऱ्याच्या अभावी भूजलपातळी वर येते. हे पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागी येऊन त्याची वाफ होते. विरघळलेले क्षार मात्र मागे उरतात व जमीन क्षारपड होते. अशा जमिनीस आणखी पाणी देत राहिल्यास पातळी अधिकच वर येते. म्हणून भूमिगत निचरा व मोजके पाणी हाच खरा उपाय होय. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ या शेतकऱ्यांच्या म्हणीतही हेच तत्त्व आहे. कोळपणीने वरच्या थरातील केशनलिका तुटतात आणि ओल टिकते.

निष्कर्ष : पदार्थविज्ञान, वनस्पतिशास्त्र व भूगोल या विषयांच्या प्राध्यापकांनी हा घटक एकत्रितपणे शिकविल्यास, नळीतील पाण्याची उंची मोजणारा विद्यार्थी आपल्या शेतातील पांढऱ्या थराचे कारणही ओळखू शकेल.