विहिरीवरील पंप : सौरशक्ती व तारेवरील वीज यांची सुरक्षित अदलाबदल

शेतातील वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबास पाण्यावाचून एक दिवसही काढता येत नाही. घरची माणसे, गोठ्यातील जनावरे व परसातील भाजीपाला यांपैकी कोणालाही विजेची पाळी येईपर्यंत थांबता येत नाही. परंतु अनेक गावांतून शेतीपंपांना तिन्ही फेजची वीज ठरावीक तासच मिळते, आणि कित्येकदा ही पाळी रात्रीची असते. सौरपंप दिवसा चालतो खरा. पण पावसाळ्यात आभाळ भरून आले की त्याचे पाणी मंदावते. म्हणून एकाच पंपास दोन्ही शक्तींची जोड द्यावी, असे पुष्कळ शेतकऱ्यांना वाटते. ही सोय निःसंशय उपयुक्त आहे. मात्र जोडणी चुकल्यास केवळ यंत्राचेच नुकसान होते असे नाही. खांबावर चढलेल्या वायरमनचे प्राणही धोक्यात येतात.

दोन शक्तींतील भेद

तारेवरील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तने करतो व तिन्ही फेजमध्ये तिचा दाब सुमारे ४१५ व्होल्ट असतो. सौरपट्ट्यांपासून मिळणारी वीज एकदिश, म्हणजे डी. सी. असते. पट्ट्या व मोटर यांच्यामध्ये बसविलेला नियंत्रक या विजेचे मोटरला चालेल अशा विजेत रूपांतर करतो आणि उन्हाच्या मानाने मोटरचा वेग कमीअधिक करतो. वेग घटला म्हणजे पाणी चढविण्याची उंची त्याहूनही झपाट्याने घटते. वेग पाऊणपट झाला तर उंची निम्म्याहून थोडीच अधिक उरते. सकाळी व ढगाळ हवेत मोटर फिरताना दिसते, पण खोल विहिरीचे पाणी वर येत नाही, याचे कारण हेच होय. अशा वेळी पंप तसाच फिरत ठेवल्यास तो तापतो. तेव्हा तो बंद करून तारेवरील विजेवर घेणे योग्य ठरते.

प्रथम मोटरची पाटी वाचावी

कोणतीही जोडणी करण्यापूर्वी मोटरवरील पाटी वाचावी. सौर संचाबरोबर मिळालेली मोटर पुष्कळदा कमी दाबाकरिता गुंडाळलेली असते. तिला ४१५ व्होल्ट दिल्यास गुंडाळी जळून जाते. डी. सी. मोटर असलेल्या पंपास तर तारेवरील वीज सरळ देताच येत नाही. उलटपक्षी विहिरीवरची ४१५ व्होल्टची जुनी मोटर सौरशक्तीवर पूर्ण वेगाने चालवावयाची असल्यास नियंत्रकास सुमारे ६०० व्होल्ट एकदिश दाब मिळावा लागतो. एका फेजवर चालणाऱ्या कपॅसिटरच्या घरगुती मोटरला त्याच जातीच्या मोटरकरिता बनविलेला नियंत्रक हवा. शासकीय योजनेतून मिळालेल्या संचाच्या बाबतीत, दुरुस्तीच्या हमीची मुदत संपेपर्यंत, पुरवठादारास विचारल्यावाचून जोडणीत फेरफार करू नये.

जोडणी कशी असावी

दोन्ही शक्ती मोटरवर कोणत्याही क्षणी एकत्र येता कामा नयेत, हा या जोडणीचा मुख्य नियम होय. याकरिता तीन जागा असलेला चेंजओव्हर स्विच बसवावा. मधली जागा 'बंद', एका बाजूस 'सौर' व दुसऱ्या बाजूस 'वीज' अशी त्याची रचना असते. नियंत्रकातून निघणाऱ्या तारा एका बाजूस, स्टार्टरमधून येणाऱ्या तारा दुसऱ्या बाजूस आणि मोटरच्या तारा मधल्या पेचांस जोडाव्यात. तिन्ही फेजच्या मोटरकरिता तिन्ही तारा, आणि एका फेजच्या मोटरकरिता फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम तुटतील असाच स्विच घ्यावा. दोन स्वतंत्र मेन स्विच लावून 'आठवणीने एकच चालू करू' असे म्हणणे अत्यंत धोक्याचे आहे. अंधारात, पावसात किंवा घाईत आठवण चुकते.

तारेवरील वीज नियंत्रकाच्या मोटरकडील पेचांवर आल्यास नियंत्रक तत्काळ निकामी होतो. याहून मोठा धोका उलट दिशेचा आहे. वीज गेली असता सौरवीज तारांवर चढली, तर डी. पी. उलटी काम करू लागते आणि तिच्या वरच्या तारांवर हजारो व्होल्टचा दाब येऊ शकतो. लाइन बंद आहे अशा समजुतीने वायरमन त्याच तारांना हात लावतो.

काही नियंत्रकांत तारेवरील वीज घेण्याचे वेगळे पेच मुळातच असतात व अदलाबदल आतल्या आत होते. अशा नियंत्रकास ती वीज त्याच पेचांवर द्यावी, अन्यत्र नव्हे.

अदलाबदलीचा क्रम

१. चालू असलेली शक्ती तिच्या बटणाने बंद करावी. मोटर चालू असताना स्विचचा दांडा कधीही फिरवू नये.

२. दोन मिनिटे थांबावे. नळातील पाणी खाली उतरत असता पंप उलटा फिरत असतो. त्याच वेळी तो चालू केल्यास दांड्यावर ताण येतो.

३. दांडा 'बंद'वर आणावा, नंतर दुसऱ्या बाजूस न्यावा व मग पंप चालू करावा.

पहिल्या दिवशी दोन्ही शक्तींवर पंप चालवून पाहावा. एका शक्तीवर पाणी फारच कमी आले, तर मोटर उलटी फिरत असण्याचा संभव असतो. तिन्ही फेजच्या मोटरच्या बाबतीत त्याच शक्तीच्या बाजूच्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी. मोटरच्या बाजूच्या तारा बदलल्यास दुसऱ्या शक्तीवर ती उलटी फिरू लागेल.

सौरपट्ट्या उन्हात असेपर्यंत त्यांतील वीज बंद होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्यांच्या तारांना हात लावण्यापूर्वी डी. सी.करिता बनविलेला स्विच बंद करून पट्ट्यांवर ताडपत्री घालावी. मोटर, नियंत्रक व पट्ट्यांचा सांगाडा या सर्वांस अर्थिंग असणे आवश्यक आहे. जोडणीचे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

पाणी साठविणे हाच उत्तम उपाय

१,००० लिटर पाणी ३० मीटर चढविण्यास लहान पंपाला सुमारे पाव युनिट वीज पुरते. टाकी पुरेशी मोठी बांधून दुपारच्या उन्हात ती भरून ठेवल्यास रात्री पंप चालविण्याची गरज क्वचितच पडेल, आणि तारेवरील वीज केवळ अडचणीच्या दिवसांकरिता राखता येईल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील अशा जोडण्या स्वतः पाहाव्यात आणि जेथे मधली 'बंद' जागा नसेल तेथे ती दुरुस्त होईपर्यंत एकच शक्ती जोडलेली ठेवण्यास सांगावे.