गादीचा वारस आणि न्यायाचा वारस

चांदीपला राहून मी कॉलेजात नाटक शिकवतो. शोकात्मिकेत एक ठरलेली मांडणी असते. राजाचा खून होतो, खुनी गादीवर बसतो, राज्याची घडी विस्कटते. शेवटी खरा वारस परततो आणि न्याय परतला असे प्रेक्षक मानतो. ‘मॅकबेथ’मधील माल्कम हा असा वारस.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, वारस आला, पण गावकुसाबाहेर काय बदललं?” तो त्याच्या घरातला पहिलाच शिकणारा. मीही तसाच. प्रश्न मला टाळता आला नाही.

उत्तर आमच्या वसईच्याच इतिहासात आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. चुलता राघोबा गादीवर आला. रामशास्त्री प्रभुण्यांनी त्याला दोषी ठरवले. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ (१९०९) हे नाटक याच घटनेवर उभे आहे. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावाचा मुलगा जन्मला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. तो सवाई माधवराव. इकडे राघोबाने १७७५ च्या सुरतेच्या तहात गादीसाठी इंग्रजांना वसई आणि साष्टी देऊ केली.

इथवर इतिहास शोकात्मिकेच्या साच्यात बसतो. पण १७९५ साली सवाई माधवराव निपुत्रिक वारला आणि पुढल्याच वर्षी राघोबाचा मुलगा दुसरा बाजीराव रीतसर पेशवा झाला. त्याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईलाच तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. हाही गादीचा वारसच होता!

आणि राज्य कोणत्याही पेशव्याचे असो, अस्पृश्याच्या गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू सुटला नाही. पेशवाईतील पुण्याचे हे वास्तव बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवले आहे.

शेक्सपिअरलाही नुसते रक्त पुरेसे वाटत नव्हते. माल्कम आपण लंपट व लोभी असल्याचे सोंग घेतो, तेव्हा मॅकडफ अशा वारसाला राज्य करण्यासच काय, जगण्यासही नालायक ठरवतो. म्हणजे वारसाचीही परीक्षा व्हायला हवी.

मात्र ती परीक्षा घेणारा तिथे एक सरदार आहे. आमच्याकडे तो अधिकार २६ जानेवारी १९५० पासून प्रत्येक नागरिकाचा आहे. तेव्हा, मित्रांनो, वारसाची वाट पाहणे सोडू या. ज्यांना वारशाने काहीच मिळाले नाही, तेच आज न्यायाचे वारस आहेत.