भूमितीची परिभाषा आणि तर्काची वाक्यरचना

मराठीच्या अभ्यासक्रमात भूमिती कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपणांपैकी अनेकांना शाळा सोडून बरीच वर्षे झाली असतील. येथे प्रमेये पुन्हा पाठ करावयाची नाहीत. शब्दाचा अर्थ निश्चित कसा होतो आणि एका विधानातून दुसरे विधान कोणत्या अधिकाराने काढले जाते, हे भूमितीच्या पाठ्यपुस्तकात फार स्वच्छ दिसते. भाषेचे अभ्यासक या नात्याने आपण त्याकडे पाहणार आहोत.

व्यवहारात आपण कागदावर ‘रेघ’ ओढतो. भूमितीतील ‘रेषा’ दोन्ही दिशांना अमर्याद असते. कागदावरील रेघ म्हणजे केवळ ‘रेषाखंड’. चेंडू आणि बांगडी या दोहोंना आपण ‘गोल’ म्हणतो. परिभाषेत बांगडीचा आकार ‘वर्तुळ’ ठरतो आणि ‘गोल’ हा शब्द चेंडूसाठी राखला जातो. पारिभाषिक संज्ञा पुष्कळदा अशी रोजच्याच शब्दाचा अर्थ आवळून तयार होते. ‘जीवा’ म्हणजे मुळात धनुष्याची दोरी. वर्तुळाच्या ज्या भागाला आपण ‘कंस’ म्हणतो, त्याला संस्कृत ग्रंथांत ‘चाप’, म्हणजे धनुष्य, म्हणत. हिंदीने तो शब्द ठेवला, मराठीने दोरी तेवढी ठेवली. हिंदी पुस्तके वाचणाऱ्यांनी आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. मराठीत ‘पूरक’ कोनांची बेरीज १८०° असते, हिंदीत ९०°. मराठी ज्यांना ‘कोटिकोन’ म्हणते, ते हिंदीतील ‘पूरक’ होत.

प्रत्येक संज्ञेची व्याख्या करता येईल काय? व्याख्येसाठी दुसरे शब्द लागतात, त्यांच्या व्याख्येसाठी तिसरे. ‘सरळ’ म्हणजे वाकडे नसलेले आणि ‘वाकडे’ म्हणजे सरळ नसलेले, अशी फेरी होऊन आपण मूळ जागी येतो. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या काळातील युक्लिडने बिंदू व रेषा यांच्याही व्याख्या दिल्या होत्या. डेव्हिड हिल्बर्टने १८९९ च्या आपल्या ग्रंथात बिंदू, रेषा व प्रतल या संज्ञा अव्याख्यात ठेवल्या आणि त्यांचे परस्परसंबंध तेवढे स्वयंसिद्ध तत्त्वांनी निश्चित केले. कोठे थांबावयाचे हे उघडपणे सांगणे, हा मार्ग अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे.

आता तर्काकडे वळू. प्रमेय बहुधा ‘जर–तर’ रूपात असते. ‘जर’चा भाग पूर्वांग, ‘तर’चा भाग उत्तरांग. सिद्धता लिहिताना पूर्वांगातील माहिती ‘पक्ष’ म्हणून आणि उत्तरांग ‘साध्य’ म्हणून मांडले जाते. (हे दोन्ही शब्द न्यायदर्शनातले, मात्र धुरावरून डोंगरावरील अग्नीचे अनुमान करताना तेथे ‘पक्ष’ म्हणजे प्रत्यक्ष तो डोंगर, आणि अग्नी हे ‘साध्य’.) पूर्वांग व उत्तरांग यांची अदलाबदल केली की ‘व्यत्यास’ मिळतो. त्रिकोणाच्या दोन बाजू एकरूप असतील, तर त्यांच्या समोरील कोन एकरूप असतात. याचा व्यत्यासही सत्य आहे, पण तो स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो. चौकोन चौरस असेल, तर त्याचे कर्ण एकरूप असतात. याचा व्यत्यास मात्र असत्य आहे. आयताचे कर्णही एकरूप असतात, आणि प्रत्येक आयत चौरस नसतो. असत्यता दाखविण्यास असे एक उदाहरण पुरते. सत्यतेसाठी शंभर उदाहरणेही अपुरी पडतात.

वहीबाहेर हीच गल्लत महागात पडते. ‘शुल्क भरलेले असेल तर अर्ज स्वीकारला जाईल’ आणि ‘शुल्क भरलेले असेल तरच अर्ज स्वीकारला जाईल’ ही वाक्ये एका ‘च’ने वेगळी आहेत. पहिल्याने शुल्क भरणाऱ्यास हमी मिळते. न भरणाऱ्याविषयी ते काहीच सांगत नाही. दुसऱ्याने न भरणाऱ्याचा अर्ज निश्चित नाकारला जातो; परंतु भरणाऱ्यास हमी मिळत नाही, कारण अन्य अटी शिल्लक असू शकतात. आपण बहुतेक जण दुसऱ्या वाक्यातही पहिल्याची हमी वाचतो आणि नंतर खिडकीपाशी वाद घालतो. करारपत्र, विमापत्र किंवा भरतीची जाहिरात वाचताना ‘तर’ आणि ‘तरच’ यांखाली पेन्सिलीने खूण करून पाहा.

शासकीय आदेशांतील ‘ज्याअर्थी–त्याअर्थी’ ही जोडी याहून निराळी. ‘जर पूल धोकादायक असेल, तर वाहतूक बंद ठेवावी’ या वाक्यात पूल धोकादायक आहे असे कोणी म्हटलेले नाही. ‘ज्याअर्थी पूल धोकादायक आहे, त्याअर्थी वाहतूक बंद ठेवण्यात येत आहे’ असे लिहिणाऱ्याने मात्र पहिले विधान सत्य मानले आहे, आणि त्याचा पुरावा त्याच्याकडे मागता येतो. ‘म्हणून’ हे अव्ययही याच जातीचे. ‘म्हणजे’ मात्र अनुमान करीत नाही, केवळ अर्थ सांगते. आजच्या वृत्तपत्रातील एक अग्रलेख घ्या आणि त्यातील प्रत्येक ‘म्हणून’च्या आधी आधारविधान खरोखर दिलेले आहे काय, ते तपासा.