वर्तुळ की उतरण?

पानिपतचं उदाहरण घ्या. परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे तिथे रंगांनुसार निवडतात, बटणं-चेन काढतात, यंत्रात पिंजून पुन्हा सूत काततात. रंग मूळचाच राहतो, म्हणून रंगाईचं पाणी वाचतं. पण याला वर्तुळ म्हणायचं का? पिंजताना तंतू आखूड होतात. कोटाचा सहसा पुन्हा कोट होत नाही, ब्लँकेट होतं. ही उतरण झाली. त्यातून कापूस आणि पॉलिस्टर एकत्र कातलेले असतील, तर पिंजून ते वेगळे होतच नाहीत. म्हणजे खरा प्रश्न कापड फाटल्यावरचा नाही, विणण्याआधीचा आहे: हे उद्या सुटं करता येईल का? आपल्या गोधडीचा धावदोरा उसवा, प्रत्येक तुकडा पुन्हा हाती येतो.