भांडवलाची किंमत आणि बाजारभाव : साखर कारखान्याच्या एका निर्णयाचे वाचन

प्रास्ताविक

गळीत हंगामात 'अमुक कारखाना इथेनॉलकडे वळला', 'तमुक कारखान्याची एफआरपी थकली' अशा बातम्या आपण वाचता. आपल्यापैकी काहींच्या घरचा ऊसही अशा कारखान्यांना जात असेल. बातमीत निर्णय दिसतो. त्यामागचा हिशेब बहुधा दिसत नाही. हा घटक अभ्यासल्यानंतर तो हिशेब आपणास वाचता यावा, अशी अपेक्षा आहे.

1. दोन संज्ञा

जमीन, इमारत, यंत्रे यांवर होणारा खर्च म्हणजे 'भांडवली खर्च'. तो पैसा वापरल्याबद्दल दरवर्षी द्यावा लागणारा मोबदला म्हणजे 'भांडवलाची किंमत'. कर्जाच्या बाबतीत हा मोबदला व्याजाच्या रूपाने स्पष्ट दिसतो. भागधारकांच्या पैशाबाबत तो दिसत नाही, म्हणून व्यवहारात 'घरचा पैसा' फुकटचा समजला जातो. परंतु तोच पैसा अन्यत्र गुंतवला असता जे उत्पन्न मिळाले असते, ते येथे सोडावे लागते. ही सोडलेली प्राप्तीदेखील किंमतच होय.

2. रस कोठे वळवावा?

एक टन उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केल्यास सुमारे 70 लिटर मिळते. 2022-23 च्या पुरवठा वर्षात अशा इथेनॉलचा दर लिटरला 65.61 रुपये होता. म्हणजे टनामागे सुमारे 4,593 रुपये. त्याच उसाची साखर केली आणि उतारा साडेदहा टक्के धरला, तर 105 किलो साखर मिळेल. 2019 पासूनच्या 31 रुपये या किमान विक्री दराने तिचे 3,255 रुपये होतात. उरलेल्या मळीपासून सुमारे 10 लिटर इथेनॉल मिळते, 49.41 रुपये दराने त्याचे 494 रुपये. एकूण 3,749 रुपये.

प्रक्रियेचा खर्च सोयीसाठी समान धरला, तर इथेनॉल सरस ठरते. मात्र साखरेचा भाव किलोला सुमारे 39 रुपये झाला की दोन्ही पारडी समान होतात. कारखाना 'वळला' असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात तो अशा एखाद्या सीमारेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे गेलेला असतो.

3. थांबलेल्या पैशाची किंमत

वरील हिशेबात काळ धरलेला नाही. साखर काही महिन्यांत तयार होते, पण वर्षभर थोडी थोडी विकली जाते. इथेनॉलचे पैसे त्या मानाने लवकर हाती येतात. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार शेतकऱ्याला 14 दिवसांत उसाचा दर द्यावा लागतो. विलंब झाल्यास वार्षिक 15 टक्के व्याज देय होते. म्हणून कारखाना गोदामातील साखर तारण ठेवून कर्ज काढतो.

समजा, साखर सहा महिने पडून राहिली आणि व्याजदर 12 टक्के आहे. मग 3,255 रुपयांवर सुमारे 195 रुपये व्याज चढते. हे धरल्यास साखरेचा समतोल भाव 39 वरून सुमारे 41 रुपयांपर्यंत सरकतो. बाजारभाव तसूभरही न हलता केवळ पैशाच्या किमतीने निर्णय बदलू शकतो, तो असा. कारखान्याला हे व्याज पेलले नाही, तर त्याचा भार थकीत देयकाच्या रूपाने ऊस उत्पादकाच्या घरी येतो.

4. उभारणे आणि चालवणे

आसवनी प्रकल्प उभारावा का, हा प्रश्न वेगळा. येथे काही वर्षांच्या अपेक्षित उत्पन्नातून चालू खर्च भागून भांडवलाची किंमतही निघावी लागते. 2018 च्या योजनेत केंद्र सरकारने अशा कर्जांवर 6 टक्के किंवा बँकेच्या व्याजाच्या निम्मे, यांपैकी कमी असेल तितका भार पाच वर्षे उचलण्याचे ठरवले. भांडवल स्वस्त झाले आणि पूर्वी न परवडणारे प्रकल्प परवडू लागले.

पुढे साखरेचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसताच, 7 डिसेंबर 2023 रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई झाली. काही दिवसांतच 17 लाख टन साखरेइतकी मर्यादा घालून ती शिथिल केली गेली आणि ऑगस्ट 2024 मध्ये, पुढील वर्षापुरते, निर्बंध उठले. मधल्या काळात कर्जाचे हप्ते मात्र ठरल्याप्रमाणे देय होतेच.

उभा असलेला प्रकल्प चालवावा का, हे ठरवताना हप्ता मोजू नये. प्रकल्प चालो वा बंद राहो, तो भरावाच लागतो. पाहायचे ते इतकेच, की येणारे उत्पन्न चालू खर्चाहून आणि त्याच उसाच्या दुसऱ्या उपयोगातून मिळणाऱ्या प्राप्तीहून अधिक आहे का.

सारांश

निर्णय बाजारभाव, भांडवलाची किंमत आणि काळ या तिन्हींवर ठरतो. 'कारखाना अडचणीत आला' हे वाक्य वाचताना विचारावे : भाव पडला, पैसा अडकला, की कर्ज महागले? मराठीत या तिन्हींसाठी निरनिराळी क्रियापदे आहेत. त्यांमागील कारणेही निरनिराळी आहेत.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

1. 'भांडवली खर्च' आणि 'भांडवलाची किंमत' यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
2. व्याजदर 12 ऐवजी 8 टक्के असता, तर विभाग 3 मधील समतोल भाव किती आला असता?
3. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या उद्योगाची बातमी घेऊन तिच्यात न सांगितलेला हिशेब दहा ओळींत लिहा.