स्क्रिप्ट वाजवत नाही, फक्त बटणं दाबते

‘ते सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं असतं हो, माणूस नुसता पाय आपटतो.’ एकटाच कलाकार मंचावर गिटार, ताल आणि चार आवाजांचा कोरस उभा करू लागला की हे वाक्य हमखास कानावर येतं. ३० जानेवारी २०२५ रोजी पुण्यात गायक एड शीरनचा कार्यक्रम झाला. त्यानंतरही मला ते कितीदा तरी ऐकावं लागलं. शीरनला स्वतःला हे नवीन नाही. २०१७ च्या ग्लास्टनबरी महोत्सवानंतर त्याच्यावर हाच आरोप झाला होता. हे लूप स्टेशन आहे, बॅकिंग ट्रॅक नाही आणि मी सगळं तिथल्या तिथे वाजवतो, असं त्याला ट्विटरवर जाहीरपणे सांगावं लागलं. एवढं होऊनही लोक तेच बोलतात, याचा मला राग येतो.

गाणं सुरू होताना लूपरचे, म्हणजे लूप स्टेशनसारख्या यंत्राचे, ट्रॅक रिकामे असतात. कलाकार पेडल दाबतो, वाजवतो, पुन्हा दाबतो आणि तेवढा तुकडा फिरू लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत चार-चार मात्रांचे चार बार म्हणजे ८ सेकंद. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. युक्ती जुनी आहे. संगीतकार टेरी रायली साठच्या दशकात दोन टेपरेकॉर्डर जोडून हे करत होता आणि रॉबर्ट फ्रिप व ब्रायन ईनो यांनी त्याच तंत्रावर १९७३ मध्ये अख्खा अल्बम काढला.

‘पण लूपरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रिप्ट असते ना? म्हणजे सगळं ठरलेलंच!’ खरी गफलत इथे होते. ‘मोबियस’ या मोफत लूपर-सॉफ्टवेअरमध्ये स्क्रिप्ट, म्हणजे सूचनांची यादी, लिहिता येते. एका नेहमीच्या स्क्रिप्टचा आशय असा: चालू लूप संपेपर्यंत थांब, दुसऱ्या ट्रॅकवर जा, रेकॉर्डिंग सुरू कर, एक फेरी पूर्ण झाली की बंद कर, तिसऱ्या ट्रॅकवर जा. यात सूर कुठे आहे? एकही नाही. दोन्ही हात गिटारवर असताना पायाने चार वेळा जे दाबावं लागलं असतं, ते एकदा दाबून होतं, इतकंच. त्या ८ सेकंदांत कलाकार गप्प बसला तर शांतता रेकॉर्ड होईल. बेसूर गायला तर तोच बेसूर स्वर दर ८ सेकंदांनी हजार लोकांसमोर परत येईल.

लय सांभाळायचं कामही स्क्रिप्ट करत नाही. पहिला लूप बंद करताना पाय ५० मिलिसेकंद उशिरा पडला, तर लूप ८.०५ सेकंदांचा होतो. सॉफ्टवेअरला बाहेरून ठोका दिलेला नसेल, तर तीच लांबी ते खरी मानतं. पुढचे सगळे ट्रॅक त्या लांबीला बांधले जातात आणि दर फेरीला समेवर यायच्या आधी बारीकशी ठेच लागते. दुसरा ट्रॅक कितीही नेमका वाजवला तरी ती जात नाही. पहिला लूप पुसून पुन्हा घ्यावा लागतो.

ट्रॅक वेगळे म्हणजे आवाजही वेगळे, हा समज होतकरू कलाकारांना फार छळतो. पहिल्या ट्रॅकवर गिटार फिरत असताना दुसऱ्यावर माइकने गाणं घेतलं आणि स्पीकर समोरच असला, तर माइक गिटारही उचलतो. मग पहिला ट्रॅक म्यूट केला तरी गाण्यामागे गिटारची सावली राहतेच. सॉफ्टवेअरमध्ये बिघाड शोधत बसू नका. हेडफोन वापरा किंवा स्पीकरची दिशा बदला.

आणखी काही किरकोळ गोष्टी. रिकाम्या ट्रॅकवर गेलं की रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं, हे अर्धसत्य आहे: मोबियसमध्ये तसं ठरवता येतं, किंवा आधीच्या ट्रॅकचा आवाज अथवा नुसती लांबी उचलायला सांगता येते. जास्त ट्रॅकनी मेमरी भरते, हेही खरं नाही. ४८ किलोहर्ट्झवर ३२ बिटांचा एक मिनिटाचा स्टीरिओ लूप साधारण २३ मेगाबाइटचा असतो, आठ ट्रॅकचे मिळून दोनशेच्या आतच. प्रत्येक थरागणिक आवाज मागे पडत जातो, ही भीती लेटन्सीची (आवाज आत-बाहेर जाताना होणाऱ्या विलंबाची) भरपाई नीट लावलेली असेल तर निराधार आहे. तबल्याच्या रियाजाला लेहऱ्याचा, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरणाऱ्या धुनेचा, लूप चालतो, पण त्याची लय आपणहून चढत नाही, हे लक्षात ठेवा.

लूपरमध्ये तयार फाइलही टाकता येते, हे मान्य. त्यामुळे शंका घेणं चूक नाही, न बघता निकाल देणं चूक आहे. गाण्याची सुरुवात नीट पाहा. एखादा आवाज कानावर पडायच्या आधी तो कलाकाराने तुमच्यासमोर एकदा वाजवला किंवा गायला असेल, तर तो लूप आहे. न वाजवताच ऐकू आला असेल, तर बॅकिंग ट्रॅक म्हणायला माझी हरकत नाही.